मांडव उतरल्यावर

वाचकांची पत्रं, मंडपवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच म्हटलं होतं की कुठल्याही कार्यक्रमाची आखणी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू करावी आणि उलटी मागं आणत न्यावी. मांडव उतरलाय, खुर्च्या टेम्पोत चढल्यात, आणि मैदानात काय काय पडलेलं आहे? ते आधी डोळ्यांपुढं आणा, मग पत्रिका छापा. एवढ्याशा वाक्यावर पिशवीभर पत्रं आली. चौतीस वर्षं मी वाईत मंडप, भांडी आणि खुर्च्या भाड्यानं दिल्या. आता मुलगा बघतो आणि मी दुकानाच्या फळीवर बसून सल्ले देतो. ते फुकट असल्यामुळं घरात कुणी ऐकत नाही, म्हणून इथं लिहितो.

मंडपकाका, आमच्या मंडळानं यंदा पर्यावरणपूरक उत्सवाचा ठराव केला आहे. महाप्रसादाला दीड हजार माणूस होतं. ताटांवरून दोन तट पडलेत. काही म्हणतात सुपारीच्या पानांची ताटं मागवा, काही म्हणतात कागदी घ्या, कागद काय कुजतोच. मी स्टीलची ताटं सुचवली तर सगळे एकदम म्हणाले, ‘घासणार कोण?’ तुम्ही काय कराल?
— एका गणेश मंडळाचे खजिनदार, सातारा

खजिनदार, ‘घासणार कोण’ असं निदान विचारलं तरी गेलं, याचा मला आनंद आहे. बहुतेक ठरावांत हा प्रश्न नसतोच. ठराव टाळ्यांनी होतो आणि घासायला कुणी नसतं.

आधी कागदाचं बघू. चहाचा कागदी कप गळत का नाही? आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो म्हणून. चकचकीत कागदी ताटाचंही तेच. घरी करून बघा: ताटाचा तुकडा फाडून रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा होतो आणि वर एक पारदर्शक साय सुटून येते. ती दुधाची नव्हे. कमिटीच्या बैठकीत असं भिजवलेलं ताट घेऊन जा, भाषण करावं लागणार नाही.

‘पत्रावळ’ या शब्दावरही आता भरवसा ठेवू नका. आमची आई पळसाची पानं काड्यांनी टाचून पत्रावळी लावायची. आज बाजारात पानाच्या रंगाचा कागद आणि त्यावर प्लास्टिकचा थर, असा मालही पत्रावळ म्हणून खपतो. अस्सल पानाची, यंत्रावर दाबलेली पत्रावळही मिळते, पण ती उलटी करून नखानं खरवडून घ्यावी. सुपारीचं ताट मात्र खरं. पोफळीची गळून पडलेली विरी धुऊन, गरम साच्यात दाबून ते करतात. कोकणातून येतं, कर्नाटकच्या किनाऱ्याकडूनही येतं. आमटी धरतं, वाकत नाही. पण महाग पडतं, आणि दीड हजार ताटं जेवणानंतर काळ्या पिशव्यांत कोंबून डेपोवर पाठवणार असाल तर त्याच्या खरेपणाचा उपयोग काय? ते कुजायला खड्डा लागतो, माती लागते, शेण लागतं. तेवढी जागा असेल तरच तो मार्ग.

‘बायोडिग्रेडेबल’ छापलेल्या चमच्यांबद्दल कुणी सांगितलं तर विचारा, कुठं कुजतो? मक्याच्या पिष्टापासून केलेलं ते प्लास्टिक कारखान्यातल्या खतप्रकल्पात, साठ अंशांच्या आसपास सतत उष्णता मिळाली तर कुजतं. नाल्यात पडलं तर बाकीच्यांसारखंच पडून राहतं.

थर्माकोलचं आता विचारू नका. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं थर्माकोलची आणि प्लास्टिकची ताटं-वाट्या बंद झाल्या, पहिल्याच वेळी पकडलं तर पाच हजार दंड. केंद्रानंही १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातली. मी मात्र कायद्याच्या आधीच सोडली. सोडली म्हणजे सोडायला लावली.

२००३ च्या एप्रिलात एका गावच्या जत्रेचं काम होतं. तीन हजार पानं, थर्माकोलची ताटं मीच पुरवलेली, आणि फायदाही बरा होता. खोटं कशाला बोलू. संध्याकाळी शेवटची पंगत उठली आणि वळवाचा वारा सुटला. खरकट्या ताटांचा ढीग उठला तो सरळ शेजारच्या खळ्यावर. आमच्याकडं त्या दिवसांत हळद शिजवून वाळत घातलेली असते. पिवळ्याधमक हळदीवर आमटी लागलेली पांढरी ताटं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतकरी तीन पोती भरून आला, दुकानाच्या फळीवर ठेवली, म्हणाला, ‘तुमचा माल.’ आणि गेला. भांडला असता तर मी पण भांडलो असतो. तो भांडलाच नाही. ती पोती टाकायची कुठं, हे मला आठ दिवस कळेना.

आता स्टील. दीड हजार माणसांना दीड हजार ताटं लागत नाहीत, ही पहिली गोष्ट. अडीचशेची पंगत धरा, सहा पंगती होतील. एक संच पानावर, एक संच घासायला, वर पन्नास सुटी: साडेपाचशे ताटं पुरतात. खणांची ताटं घ्या म्हणजे वाट्या टळतात. वाटी घासायला ताटाइतकाच वेळ लागतो आणि हरवते दुप्पट. पेले पानावर मांडू नका, पाण्याची जागा वेगळी करा, तोटीच्या टाकीजवळ. पानावर मांडलेला पेला भरला जातो आणि अर्धा ओतला जातो.

घासायच्या जागेचा नकाशा स्वयंपाकाच्या जागेइतकाच नीट काढा. आधी खरकटं काढायचं पिंप. तिथं दोन धडधाकट पोरं उभी करा, अन्न टाकणाऱ्याकडं नुसती बघायला. निम्मं टाकणं त्या नजरेनंच कमी होतं. मग तीन मोठे टब: पहिल्यात विसळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. शेवटी ताटं उभी करायला बांबूची घडवंची. आठ माणसं घासायला असली तर एक पंगत जेवून उठेपर्यंत मागच्या पंगतीची ताटं कोरडी होतात. प्रत्येक पंगतीला टब बदला, म्हणजे सगळं धरून अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाच हजार लिटरचा टँकर अर्धा उरतो. साबण हात आखडूनच वापरा. आधी विसळलेलं असलं की थोडा पुरतो, आणि ते पाणी नाल्याऐवजी मैदानाच्या कडेला सोडता येतं.

घासणाऱ्या बायकांना पैसे रोख, त्याच रात्री, आणि जेवण पहिल्या पंगतीत. हे मी पर्यावरणाच्या सदरात का लिहितोय असं वाटत असेल तर शेवटच्या पंगतीनंतर उरलेल्या थंड भातावर बसून तुम्ही साडेपाचशे ताटं घासून बघा. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत की मंडळ परत कागदावर जातं. मी तीन मंडळं अशी परत जाताना पाहिलीत.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या भागात भाडं आणि घासणावळ मिळून माणशी सुपारीच्या एका चांगल्या ताटाच्या किमतीपेक्षा कमीच बसते. कचरा उचलण्याचे पैसे वाचतात ते वेगळे. आणि एक कागद विसरू नका. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे शंभरापेक्षा जास्त माणसं परवाना नसलेल्या जागी जमवायची असतील तर नगरपालिकेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं असतं, आणि ओला-सुका वेगळा करून देणं आयोजकाच्या अंगावर असतं. बहुतेक मंडळं पोलीस परवानगी काढतात आणि हा कागद देतच नाहीत. तुम्ही द्या. त्या निमित्तानं गाडी किती वाजता येणार ते तरी कळतं.

आमच्या सोसायटीत १८० घरं आहेत. गेल्या कोजागरीला ११० लिटर दूध घेतलं, त्यातलं ४० लिटर उरलं. मसालेभातही अर्धं पातेलं. सगळं रात्री दोन वाजता गटारात गेलं, मला तीन दिवस झोप लागली नाही. या वेळी सोसायटी माझ्यावर जबाबदारी टाकतेय.
— सांस्कृतिक समितीच्या सदस्य, ठाणे

ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. सत्तर लिटर संपलं. पेला दोनशे मिलीचा धरला तर साडेतीनशे माणसं आली, म्हणजे घरटी दोन. तुम्ही हिशोब घरटी तीननं केला असणार. सगळेच करतात. पण म्हातारी माणसं साडेनऊला झोपतात, कॉलेजची पोरं आपल्या आपल्या गच्चीवर असतात आणि एक घर गावाला गेलेलं असतं. हजेरीपुस्तक ठेवा. लाजू नका, कार्यक्रमाच्या रात्री पेले मोजून ठेवले की पुढल्या वर्षीचा अर्धा प्रश्न सुटतो. आमचे एक आचारी होते, ते प्रत्येक कामानंतर खिशातल्या डायरीत ‘किती शिजवलं, किती उरलं’ एवढंच लिहायचे. त्या डायऱ्यांसारखं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांचीच एक शिकवण सांगतो: उरायचंच असेल तर कच्चं उरावं. पंचाहत्तर लिटर दूध आणा, पण आटवायला पन्नासच ठेवा. बाकीचं पिशव्यांतच, फ्रिजमध्ये, पिशव्या न फोडता. नऊ वाजता गच्चीवर डोकी मोजा आणि मग दुसरं पातेलं चढवा. दुधाला आटायला वेळ लागतो हे खरं, म्हणून दुसरं पातेलं मसाला दुधाचं पातळच असू द्या, चांदण्यात कुणाला कळत नाही. न फोडलेल्या पिशव्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतच विकल्या जातात. साखर, केशर, बदाम एकदा पडले की ते दूध फक्त त्या रात्रीचं.

भाताचंही तसंच. पुरी-भाजी सोबत असेल तर शंभर माणसांना सात-आठ किलो तांदूळ पुष्कळ होतो. आचाऱ्याला विचाराल तर तो दहा सांगेल, कारण कमी पडलं तर शिव्या त्याला आणि उरलं तर गटार तुमचं. तुम्ही सांगा, साडेतीनशेला पंचवीस किलो, दोन खेपांत. आणि बुफे लावणार असाल तर भात शेवटी ठेवा, रांगेच्या सुरुवातीला नको. पहिल्या पातेल्याशी माणूस उपाशी असतो, ताट तिथंच भरून टाकतो. भाताचा डाव लहान ठेवा. ही लबाडी आहे, पण चांगली लबाडी.

खरं तर तुम्हाला जमणार असेल तर पंगतच बसवा. लोक म्हणतात बुफे सुटसुटीत. सुटसुटीत कुणाला? वाढप्याला ‘थोडंसंच’ म्हणता येतं, पातेल्याला म्हणता येत नाही.

एवढं करूनही उरलं तर मुंबई-ठाण्यात उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेणारे तरुण आहेत, ‘रॉबिन हूड आर्मी’चे स्वयंसेवक त्यातलेच. पण त्यांना रात्री दोनला फोन करायचा नसतो. आठ दिवस आधी बोला, अकराची वेळ ठरवा, झाकणाची स्वच्छ पातेली तयार ठेवा. आणि गरम आहे तोवर, पंगतीला येण्याआधीच बाजूला काढलेलं द्या. दोन तासांहून जास्त उघड्यावर राहिलेला भात, पानांवरून फिरून आलेली भाजी, शेवटी तळाशी राहिलेलं नासकं दूध द्यायचं नाही. तुम्ही जे मुलाला खायला घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला पाठवायला हा काय गुरांचा गोठा आहे? फोटोही काढू नका.

काका, हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे लुटायची पद्धत आमच्या महिला मंडळात आहे. मी विरोध केला तर मैत्रिणी म्हणतात, ‘फारच शहाणी!’ काय लुटू?
— नाशिक

काहीतरी संपणारं लुटा. गूळ, हळदीचं पुडकं, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, साबणाची वडी. कमी किमतीत बसतं आणि घरात पडून राहत नाही. मी भांडीवाला, मला विचाराल तर म्हणेन स्टीलचा चमचा, पण माझं मत धंद्याचं आहे, सोडून द्या. कापडी पिशव्या आता नकोत. प्रत्येकीकडं अकरा झाल्यात, त्याही न वापरता धूळ खात. आणि विरोध करू नका हो. यंदा तुमचं वाण पहिल्यांदा उघडलं जाऊ दे, मैत्रिणी पुढल्या संक्रांतीला नक्कल करतील आणि म्हणतील आम्हालाच सुचलं. चिडू नका तेव्हा.

आम्ही काही मित्र ५ जूनला पर्यावरण दिनाची सायकल फेरी आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम करतोय. पाचशे लोकांची अपेक्षा आहे. फ्लेक्स, टी-शर्ट, मेडल, रोपवाटप, जनरेटर, साउंड, सगळं ठरलंय. ग्रीन करण्यासाठी अजून काय ॲड करू?
— कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

बाळा, ॲड कशाला करतोस, कमी कर की.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, प्लास्टिकच. ‘वसुंधरा वाचवा’ लिहिलेला फ्लेक्स मी स्वतः किती वेळा उतरवलाय, आणि मग तो पावसाळ्यात कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या ट्रॅक्टरवर जातो. म्हणजे वापर होतो म्हणा, पण फाटून तुकडे झाले की ते शेतातच. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरला तर २०२२ पासून बंदीच आहे. कोल्हापूर हे रंगाऱ्यांचं गाव. एक मांजरपाट कापड घे, चांगला पेंटर गाठ, वर्ष न घालता नाव रंगव. ‘वर्ष न घालता’ हे महत्त्वाचं. तारीख घातली की कापड एका दिवसाचं झालं.

टी-शर्ट आणि मेडल काढून टाक. पाचशे मेडलं पाचशे खिळ्यांवर टांगली जातात. पाण्याच्या बाटल्याही काढ, नाहीतर दोनशे मिलीच्या हजार बाटल्या रस्त्याच्या कडेला दिसतील. सायकलवाल्याकडं स्वतःची बाटली असतेच, वाटेत तीन ठिकाणी वीस लिटरचे जार आणि एक माणूस उभा कर.

रोपं. ५ जूनला कोल्हापुरात पाऊस येईल किंवा येणार नाही. न आलेल्या पावसात, काळ्या पिशवीसकट वाटलेलं रोप आठ दिवसांत बाल्कनीत वाळतं. लोकांची नावं लिहून घे, रोपं जुलैत दे, आणि पिशवी परत आणणाऱ्यालाच पुढचं रोप. नर्सरीवाला पिशव्या परत घेतो की नाही आधी विचार. पाचशे वाटण्यापेक्षा पन्नास जगवलीस तरी फोटोत काही फरक पडणार नाही, कारण ती मोठी दिसतील.

जनरेटर शक्यतो टाळ. महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, वेळेत अर्ज केला तर. गणेशोत्सवात तर मंडळांना घरगुती दरानं देतात. तरीही मंडळं डिझेल जाळत बसतात, कारण अर्ज करायला सकाळी उठावं लागतं. आमच्याकडं पूर्वी एका स्टेजला हजार वॉटचे आठ हॅलोजन लागायचे, समोर उभं राहिलं की भाजायचं. त्याच उजेडाचे एलईडी आता शे-दीडशे वॉटचे येतात. आठ हजारांचं बाराशेवर आलं, म्हणजे मोठ्या जनरेटरचं कारणच गेलं. कार्यक्रम सहाला सुरू कर, सातपर्यंत सूर्यच पुरतो.

आवाजाचं तुझं तूच ठरव, पण रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, असा नियम २००० सालापासून आहे. ५५ म्हणजे किती? आपण दोघं बोलतोय तेवढं जवळजवळ. आता हसतोयस ना? मी पण हसलो होतो. माझ्याच दुकानातले भोंगे होते.

आमच्या घरी पीओपीची मूर्ती आधीच आली आहे, सासूबाईंनी बुक केलेली. नदीत सोडायची नाही. बादलीत विरघळत नाही म्हणतात. मग?
— पुणे

विरघळते, नुसत्या पाण्यात नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं हा उपाय काढलाय: अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले वापरतात तो खाण्याचा अमोनिया. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर बादलीभर पाण्यात घालून मूर्ती त्यात सोडायची, अधूनमधून ढवळायचं, दोन दिवस धरा. तळाशी चुन्याचा, म्हणजे खडूचा गाळ बसतो आणि वर राहतं त्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, जे शेतकरी खत म्हणून पैसे देऊन आणतो. भरपूर पाणी मिसळून झाडांना घाला. वास मात्र उग्र येतो, न्हाणीघरात करू नका, बाल्कनीत किंवा अंगणात ठेवा. मूर्तीचे दागिने, कापड, हार आधी काढून घ्या. पुणे महापालिका उत्सवाच्या दिवसांत ही पावडर वाटत आलेली आहे, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा.

पुढल्या वर्षी शाडू घ्याल, पण शाडूही काही आपल्या अंगणातला नसतो. पेणच्या कारखान्यांत तो बराचसा गुजरातेतून येतो. विसर्जनानंतर बादलीतला गाळ सुकवून मूर्तिकाराला परत द्या. मंडळांना मी सांगतो की मोठी मूर्ती कायमची ठेवा आणि वीतभर मूर्तीचं विसर्जन करा. दगडूशेठसारख्या मंडळाला चालतं तर तुमच्या गल्लीतल्याला का चालू नये? सासूबाईंना मात्र यातलं काही सांगू नका. बादली त्यांच्या हातानं भरवून घ्या.

आमच्या महाराष्ट्र मंडळानं तीनशे माणसांची स्टीलची भांडी घेतली आहेत. शहरात कार्यक्रमांना भांडी देणारी ‘बर्तन बँक’ चालतेच, आपल्या लोकांसाठी आपली असावी, म्हणून. सहा महिन्यांत बावीस पेले, चाळीस चमचे आणि एक परात गेली. मागितलं की लोक रागावतात. बंद करावी का?
— इंदूर

बंद करू नका. तुमचं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि तुम्ही चाळीस चमच्यांना घाबरता?

हे काही नवीन नाही. कोकणात, आमच्या घाटावरच्या गावांतही गावकीची भांडी असायची. देवळाच्या माजघरात हंडे, तपेली, पराती, झारे, डाव, कढया, सगळ्यांवर देवाचं नाव. लग्न असलं की घेऊन जायची, कल्हई करून परत ठेवायची. ती भांडी टिकली कारण त्यांवर नाव देवाचं होतं, आणि देवाचा चमचा घरी ठेवायला माणूस कचरतो. तुमच्या भांड्यांवर नाव घातलंय का? घातलं नसेल तर आजच घाला. ‘म. मं. इं.’ एवढं पुरे. आपल्याकडं आहेराच्या प्रत्येक भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, सराफाच्या शेजारी तो टकटक करणारा माणूस बसलेला असायचा. आता फिरतं यंत्र येतं, तासाभरात शंभर चमचे होतात. नाव खाली बुडाला नको, दांड्यावर, खाणाऱ्याला दिसेल असं.

दुसरं, मोजून द्या आणि मोजून घ्या, आणि मोजताना नेणाऱ्याचाच माणूस समोर बसवा. पेले दहादहाच्या चळतीत, चमचे पंचवीसच्या जुडीत सुतळीनं बांधून. सुटं दिलं तर सुटंच जातं. वहीत दोन रकाने: नेले, आणले. तिसरा रकाना करू नका ‘हरवले’ म्हणून. करताच तो भरायला लागतो.

अनामत घ्या, पण मोठी नको. मोठी घेतली की माणूस म्हणतो, ‘कापून घ्या त्यातून,’ आणि मोकळा होतो. मग शोधतच नाही. शंभराच्या पन्नास नोटा मोजण्यापेक्षा पाचशे रुपये आणि कार्यकारिणीतल्या एकाची ओळख, हे बरं. ओळखीची लाज पैशापेक्षा टिकते.

परात कुणाकडं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, मला इथून दिसतंय. माणसाला विचारू नका. त्यांच्या घरी पुढलं कार्य कधी आहे ते विचारा आणि म्हणा, तेव्हा भांडी पूर्ण संच हवी ना? येईल परत.

घासून परत आली की ओली आत ठेवू नका. डाग पडतात आणि लोक म्हणतात, ‘मंडळाची भांडी कळकट, आपण डिस्पोजेबल आणू.’ बँक बुडते ती तिथं, चमच्यांनी नव्हे. उन्हात घडवंचीवर वाळवून, पालथी घालून, मगच कपाटात. या कामासाठी एक माणूस नेमा आणि त्याला मानधन द्या. हौशी माणूस पहिल्या तीन कार्यांपर्यंत येतो, चौथ्याला त्याच्या मेव्हण्याचं लग्न असतं.

आणि थोडं जाणारच हे धरून चाला. दरवर्षी भाड्यातून पन्नास चमचे आणि दोन डझन पेल्यांचे पैसे बाजूला ठेवत जा. माझ्या धंद्यात भांडी नेहमी कमीच भरली. चौतीस वर्षांत एकदाच जास्त भरली. वाईत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीनं पाळीनं होतो, तेव्हा एका घाटावरून अकरा वाट्या जास्त आल्या. उलटून बघितल्या तर दुसऱ्याच आळीचं नाव. मी स्वतः नेऊन दिल्या. त्यांनी वाट्या मोजून घेतल्या, मग आतून एक जुडी आणून माझ्यापुढं ठेवली. आमचे सात चमचे, सुतळीसकट.